येऊन राहिला का जाऊन राहिला

बेबीताई इंगोल्यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका पोत्याशी बोलत होत्या. चिंध्या आणि सरकी कोंबून टम्म केलेलं ते पोतं छताच्या कडीला टांगलेलं होतं. ठेंगणी, जाड मनगटांची, आखूड कापलेल्या केसांची, पन्नाशी ओलांडलेली एक बाई त्याच्याभोवती फिरत होती आणि त्याला आपल्याकडे बघायला सांगत होती, "इकडं पाय ना. माह्याकडं पाय." मग तळहात असा बसला की पोतं भिंतीपर्यंत गेलं, आणि ते परत येईस्तोवर बाई दाराशी पोचलेली होती. तिथूनच तिने मला विचारलं, "काय वो बाई, कोनाले पाह्यता?"

मी अमरावतीला एका ज्युनिअर कॉलेजात गणित शिकवत होते. उजवा खांदा आखडला होता, फळ्याच्या वरच्या भागात लिहिता येईना, आणि डॉक्टरांनी हात हलता ठेवायला सांगितलं होतं. इतवारा बाजारामागच्या गल्लीतला हा क्लास शेजारणीने सुचवला. मी म्हटलं, "व्यायामापुरती आलेय. मारामारी वगैरे नको मला."

"मले बी नको," बेबीताई म्हणाल्या. "या आत. चप्पल नाई चालत, उद्यापासून बूट घालून येजा. रस्त्यावर कोनी चप्पल काढाले टाइम देत नाई."

क्लास एका पिठाच्या गिरणीच्या वर होता. खाली चक्की सुरू झाली की वरची फरशी थरथरायची, खिडकीतून पिठाचा वास आणि बारीक पांढरी धूळ यायची. याआधी त्यांचा क्लास एका शाळेच्या अंगणात होता, त्याआधी एका देवळामागच्या पटांगणात, त्याआधी कुणाच्या तरी गच्चीवर. एका जागी फार टिकत नसत. कधी मालक उठवायचा, कधी त्याच उठायच्या. थरथरत्या फरशीबद्दल कुणी कुरकुर केली तर म्हणायच्या, "बरंच हाये. अशा जमिनीवर पाय रोवता आला तं कुठीबी येईन."

बेबीताई बसलेल्या मला आठवतच नाहीत. चहा उभ्याने प्यायच्या, तोही पाठ भिंतीला लावून, नजर दाराकडे. खिशात फुटाणे असत. बोलता बोलता एकेक तोंडात टाकायच्या आणि येरझारा घालायच्या. कुणाकडे लग्नाला गेल्या तर वाढायला लागायच्या, पंगतीला बसायच्या नाहीत. माहेर दर्यापूरकडचं, भाजीपाल्याची शेती करणारं. भाऊ अजून वांगी-कोबी बाजारात नेतो. स्वतः लग्न का केलं नाही, असं एका बाईने धीर करून विचारलं होतं. "टाइम नाई भेटला," एवढं म्हणून त्या पुढच्या बाईची कोपरं सरळ करायला निघून गेल्या.

नव्या बायकांना त्या आधी मूठ वळायला सांगत. आम्ही साताठ जणी, बहुतेकींनी अंगठा मुठीच्या आत लपवलेला.

"हा अंगठा असा आत ठेवून मारलं तं काय होईन?"

"त्याला लागेल," मी म्हटलं.

"त्याले नाई. तुमचा अंगठा मोडन, अन् मंग थो हासन." त्यांनी माझी मूठ उघडून तळहात मागे वाकवला आणि मनगटाजवळच्या मांसल भागावर बोट ठेवलं. "कणीक मळता ना? शेवटी जोर कायनं देता? इथून. मूठ राहू द्या, हेच नाकाखालून वर जाऊ द्या."

आणि खरंच, ज्या बायकांनी जन्मात कुणावर हात उगारला नव्हता त्यांना ते पटकन आलं. जोर हातातून नाही, टाचेतून यायला हवा, कमरेतून वळून खांद्यापर्यंत पोचायला हवा, हे त्या पुन्हा पुन्हा सांगत. फटका मारल्यावर हात तिथेच ठेवला की ओरडत, "वापस घे! तिथं काय ठिवलं तुहं?" फटका बसला की लगेच दाराकडे धावायचं, हा धड्याचाच भाग होता. पोतं मागे, आम्ही दारात.

एकदा एका मुलीने विचारलं, "मॅडम, पळायचंच आहे तर मारायला कशाला शिकायचं?"

"रस्ता मोकळा कराले. बाकी कायले बी नाई. कोनी मोबाइल मागतला, देऊन टाक. पर्स मागतली, देऊन टाक."

"आणि मंगळसूत्र?" मागून एका बाईने विचारलं.

"थेही दे. गळा राहिला तं दुसरं घालता येते."

ती बाई दुसऱ्या दिवसापासून आली नाही. बेबीताईंना त्याचं काही वाटलं नाही. निदान तसं दाखवलं नाही.

दर रविवारी त्या अकोल्याला जात. तिथे एका मंगल कार्यालयाच्या आवारात नर्सेसचा वर्ग घेत. माझं माहेर अकोल्याचं, म्हणून कधी कधी आम्ही एकाच बसने निघायचो. एका रविवारी प्रात्यक्षिक दाखवायला त्यांनी पल्लवीला बरोबर घेतलं होतं. पल्लवी ही त्यांची सगळ्यात चांगली विद्यार्थिनी. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला, वडिलांचं फुलांचं दुकान. हार गुंफून गुंफून तिची बोटं विजेसारखी झाली होती. पोत्यावर तिचा हात बसला की खाली गिरणीवाला वर बघायचा.

मूर्तिजापूरला बस थांबली आणि एक मुलगी चढली. कॉलेजची असावी, हातात पॅड आणि पाण्याची बाटली. खिडकीशी बसली. मागोमाग एक माणूस चढून तिच्या शेजारी बसला. बस निघाली तशी तो तिच्याकडे सरकत गेला. ती खिडकीला चिकटत गेली. आम्ही दोन सीट मागे. पल्लवीने बाह्या वर केल्या. तिची मान ताठ झालेली मला दिसली.

बेबीताई उठल्या, अर्थात आधीपासून त्या उभ्याच होत्या, आणि पुढे जाऊन मोठ्याने म्हणाल्या, "अवं, तू शालूची पोरगी नाई का? ओयखलं नाई मले? मी तुही मावशी!" मुलगी क्षणभर गोंधळली, मग "हो मावशी" म्हणाली. "दादा, जरा सरका, लय दिवसानं भेटली भाची." माणूस सरकला. सगळी बस त्याच्याकडे बघत होती. पुढच्या थांब्याला तो उतरून गेला. अकोल्यापर्यंत बेबीताई त्या मुलीच्या सीटला टेकून उभ्या राहिल्या आणि तिला कुठल्यातरी शालूबद्दल काहीबाही सांगत राहिल्या.

अकोल्याच्या स्टँडवर पल्लवीचा राग बाहेर पडला. "मॅडम, एक ठिवून द्याची होती ना त्याले. सगळ्यांनी पाह्यलं असतं."

"ठिवून दिली असती तं बस ठाण्यात नेली असती. पोरीचा पेपर हाये दहा वाजता. इचारलं का तिले तू?"

"मंग आमाले शिकवता काहून?"

बेबीताईंनी फुटाणे तिच्या हातावर ठेवले आणि चालायला लागल्या. मला त्यांच्या पाठमोऱ्या चालण्यात काहीतरी घाई दिसली, नेहमीपेक्षा वेगळी. पल्लवीने फुटाणे खाल्ले नाहीत. मुठीत धरून ठेवले.

त्यानंतर काही महिन्यांनी ते घडलं.

मोबाइलच्या दुकानात काम करणारा अंकुश नावाचा एक पोरगा पल्लवीच्या मागे होता. आठवडेच्या आठवडे. तिच्या वडिलांच्या दुकानासमोर बाइक लावून उभा राहायचा, तिच्या सायकलच्या मागे मागे यायचा, मेसेज पाठवायचा. तिने त्याचा नंबर बंद केला तर दुसऱ्या नंबरवरून. घरी सांगितलं तर वडील म्हणाले, कॉलेज बंद करू का? म्हणून तिने पुढे सांगणंच सोडलं. दिवेलागणीच्या वेळी फुलांच्या गल्लीत त्याने तिची सायकल अडवली आणि हँडलवर हात ठेवला. ती जोरात ओरडली. आजूबाजूची माणसं वळली. अंकुशने हात काढला, एक घाण शब्द टाकला आणि पाठ फिरवली. पल्लवीने दोन पावलं पुढे टाकून कानशिलावर कोपर मारलं. तो एका दुकानाच्या ओट्याच्या कडेवर पडला. उठला नाही.

समोरच्या दुकानातल्या कॅमेऱ्याने हे टिपलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी गावभर त्यातला शेवटचा तुकडा फिरत होता. पोरगी पुढे येते, कोपर फिरतं, पोरगा खाली. खाली 'वऱ्हाडची वाघीण' असं लिहिलेलं. मलाही तीन ठिकाणांहून आला. माझ्या वर्गातल्या मुली टाळ्या वाजवत होत्या.

संध्याकाळी गिरणीच्या जिन्यावर रांग लागली होती. आया मुलींना घेऊन आलेल्या. जिथे आम्ही साताठ जणी असायचो तिथे उभं राहायला जागा नव्हती. बेबीताई आत येरझारा घालत होत्या. फुटाणे नव्हते. पल्लवी कोपऱ्यात उभी, तिच्याभोवती नव्या मुलींचा घोळका. कुणी तिचा हात हातात घेऊन बघत होतं.

"पल्लवी, इकडं ये," बेबीताई म्हणाल्या. तिला खिडकीशी नेलं. मी जवळच होते म्हणून ऐकू आलं.

"एकच सांग. तू मारलं तवा थो अंगावर येऊन राहिला होता, का जाऊन राहिला होता?"

पल्लवीने आधी खांदे उडवले. मग म्हणाली, "मॅडम, त्यानं शिवी दिली मले. इतके दिवस झाले—"

"थे मले मालूम हाये. येऊन राहिला होता, का जाऊन राहिला होता?"

खाली चक्की सुरू झाली. फरशी थरथरायला लागली. पल्लवीने खाली बघितलं.

"जाऊन राहिला होता."

बेबीताईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तसाच ठेवला. मग दाराशी जाऊन रांगेतल्या आयांना म्हणाल्या, "आज क्लास नाई. उद्याचं उद्या पाहू."

दुसऱ्या दिवशी पल्लवीचे वडील एका कार्यकर्त्याला घेऊन आले. चौकात सत्कार ठरला होता, शाल-श्रीफळ, आणि गुरू म्हणून बेबीताईंनी स्टेजवर बसायचं होतं. बेबीताईंनी नकार दिला. पल्लवीलाही जाऊ देऊ नका म्हणाल्या.

"काहून?" वडील चिडले. "पोराची चूक होती का नाई?"

"होती ना भाऊ. म्हैनाभर होती. पन त्या मिनिटाले थो पाठ करून निघाला होता. हे पोरीनं स्वतः सांगतलं मले. ठाण्यातही तिनं तसंच सांगाले पायजे."

"तुमी कोनाच्या बाजूनं हाये मॅडम? आमच्या पोरीच्या का त्याच्या?"

"पोरीच्या. त्याचंच तं सांगून राहिली." त्यांचा आवाज चढला, तो मी पहिल्यांदाच ऐकला. "आज पोरगी स्टेजवर जाईन, टाळ्या घेईन. उद्या पूर्ण व्हिडिओ बाहेर येईन. मंग ह्याच टाळ्या वाजवनारे तिले काय म्हनतीन? अन् थे सोडा. तिले स्वतःले मालूम हाये ना काय झालं. थे घिऊन जगाचं हाये तिले."

सत्कार झाला नाही. पल्लवीने ठाण्यात जसं घडलं तसं सांगितलं. त्याने तिचा पाठलाग करणं, मेसेज, सायकल अडवणं, आणि नंतर तिने पाठमोऱ्याला मारणं. बेबीताई बाहेर व्हरांड्यात इकडून तिकडे फिरत होत्या. ती बाहेर आली तेव्हा वडिलांनी बेबीताईंकडे पाहिलंही नाही. पल्लवीनेही नाही.

अंकुश शुद्धीवर आला, पण एका कानाने त्याला ऐकू येईना. बेबीताई त्याला बघायला दवाखान्यात निघाल्या तेव्हा त्यांनी एकट्याने जाऊ नये म्हणून मी बरोबर गेले. वॉर्डाच्या बाहेर त्याची आई भेटली. धुण्याभांड्याची कामं करणारी, सुकलेली बाई. आम्ही कोण हे कळल्यावर ती बेबीताईंच्या जवळ आली.

"तुमीच शिकवलं ना तिले थे कोपर?"

"हाव," बेबीताई म्हणाल्या. "मीच."

"माहा पोरगा चुकला, मले मालूम हाये. मी स्वतः त्याच्या मुस्काटात मारली असती. पन हे?" तिने आपल्या कानाला हात लावला. "हे वापस येते का बाई?"

बेबीताई त्या आईसमोर उभ्या राहिल्या, बराच वेळ, अगदी न हलता. ते बघणं मला येरझाऱ्यांपेक्षा कठीण गेलं. परत येताना त्यांनी रिक्षा नको म्हटलं. भर उन्हात चालत राहिल्या, इतक्या वेगात की मला गाठता येईना.

"मी मारनं आधी शिकवलं," मध्येच वळून मला म्हणाल्या. "पोरीले थे आवडते म्हनून. थांबनं नंतर शिकवू, असं म्हटलं. नंतर! कवा?"

पूर्ण व्हिडिओ पुढे बाहेर आलाच. जिन्यावरची रांग आधीच ओसरली होती. पल्लवीच्या मैत्रिणी क्लास सोडून गेल्या, मॅडमने आपल्याच विद्यार्थिनीला अडकवलं म्हणून. दोन्हीकडच्या तक्रारी झाल्या, तारखा पडल्या, दोन्ही घरची माणसं ओट्यावर बसून बोलली, आणि फार उशिराने ते मिटलं. अंकुश सुरतेला मामाकडे कामाला गेला. पल्लवी दुकानात बसायला लागली. तिच्याकडून फुलं घेताना मी दोनदा बेबीताईंचा विषय काढला. दोन्ही वेळा ती पुडी बांधून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

बेबीताईंनी क्लास बंद केला नाही, पण बदलला. कुठूनसं एक जुनं हेल्मेट आणि क्रिकेटचं छातीवरचं पॅड आणलं. ते चढवून त्या स्वतः हल्लेखोर व्हायच्या. हॉलच्या दुसऱ्या टोकाकडून अंगावर धावून यायच्या. कधी आरडाओरडा करत, कधी गोड बोलत, कधी शिव्या देत. जवळ आल्या तर मारायचं. पण कधी कधी त्या अर्ध्या वाटेत अचानक पाठ फिरवायच्या. तेव्हा हात थांबला पाहिजे. ते फार अवघड होतं. एकदा सगळं अंग सुटलं की हात थांबत नाही. बायका चुकायच्या आणि बेबीताईंच्या पाठीत, मानेत, खांद्यावर फटके बसायचे. त्या एकदाही रागावल्या नाहीत. "पुन्हा," म्हणायच्या. अंगावर काळेनिळे डाग घेऊन खाली उतरायच्या. मी एकदा म्हटलं, "ताई, हे काम एखाद्या तरुण मुलाला द्या." तर म्हणाल्या, "माहं हाये थे. माह्याच पाठीत बसू द्या."

माझी बदली अकोल्याला झाली. खांदा कधीचा बरा झाला होता. जायच्या आदल्या दिवशी संध्याकाळी निरोप घ्यायला गेले. क्लासला चार बायका होत्या आणि जिन्यात, आत यायचं की नाही अशी, पल्लवी उभी होती. फुलांच्या ओल्या बोटांनी कठडा धरून. मी तिला ओलांडून वर गेले नाही. तिच्या बाजूला थांबले.

बेबीताईंनी तिला बघितलं. कशी आहेस, इतके दिवस कुठे होतीस, काही नाही. "बूट हाये का पायात?" विचारलं.

"हाव."

"मंग ये."

पल्लवी मधोमध उभी राहिली. बेबीताईंनी हेल्मेट चढवलं, टोकाला गेल्या आणि धावून आल्या. पल्लवीने हात वर केलेच नाहीत. नुसती उभी राहिली. बेबीताईंनी तिला खांद्याने ढकललं, ती दोन पावलं मागे गेली, तरी हात खालीच.

"मार ना."

"नाई होत मॅडम."

"काहून?"

"हात उचलला की थोच दिसते. ओट्यावर पडलेला."

बेबीताई पुन्हा टोकाला गेल्या. पुन्हा आल्या. यावेळी तिचा गळाच धरला, दोन्ही हातांनी, खरोखर. पल्लवीचा चेहरा लाल झाला. मी जिन्यातून आणि त्या चार बायका आतून पुढे सरकलो.

"मी येऊन राहिली, पल्लवी!" हेल्मेटमधून त्यांचा आवाज घोगरा येत होता. "पाय माह्याकडं! येऊनच राहिली! आता नाई मारलं तं तू मरशीन. मार!"

पल्लवीचा तळहात खालून वर गेला. असा बसला की बेबीताई मागे फेकल्या गेल्या आणि पोत्यावर आदळल्या. पल्लवी रडत होती आणि रडता रडता पुढे येत होती. बेबीताई सावरल्या, एक पाऊल तिच्याकडे टाकलं, आणि तिथेच गर्रकन पाठ फिरवली.

पल्लवीचं कोपर वर उचललेलं होतं. बेबीताईंची उघडी मान समोर होती. खाली गिरणी चालू होती, फरशी हलत होती, आणि त्या पाठमोऱ्या, हात खाली सोडून, उभ्या होत्या.

"कुठी हाये कोपर?" त्यांनी मान न वळवता विचारलं.

पल्लवी म्हणाली, "वरतंच हाये."

"घे मंग खाली," बेबीताई म्हणाल्या. "नाक पूस. पुन्हा करू."

मी तिथूनच जिना उतरले. निरोप घ्यायचा राहिला.